वजनकाट्यावर तोललेले वॅट

जगात जे जे बिघडलं आहे ते मोटर कमी पडल्यामुळे बिघडलं आहे, हे इतक्या ठामपणे सांगणारा माझ्या मामासारखा दुसरा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही. पिरंगुटच्या घाटात बस धापा टाकू लागली की मामा शेजारच्या अनोळखी प्रवाशाला सांगतो, ‘मोटर कमी पडतीय.’ ग्रामसभेत एखादा पुढारी तिसऱ्याच वाक्याला अडखळला तरी निदान तेच. मागे एका लग्नात नवरदेव उखाणा घेताना गडबडला, तेव्हा मामाने माझ्या कानाशी येऊन हेच वाक्य हळूच सांगितलं. मामाचं हळूच म्हणजे काय, तेही सांगायला हवं. नवरीकडची माणसं बरीच पुढे बसली होती, ती सगळी एकदम मागे वळून बघू लागली. मामाने कानात सांगितलेलं गुपित वाडीला कळतं आणि मोठ्याने सांगितलेलं पलीकडच्या वाडीला. मामी कमी ऐकते, म्हणून त्याला असं बोलायची सवय लागली, असं घरात सगळेच म्हणत.

मोटरवर त्याची एवढी श्रद्धा बसायला कारण आहे. रिहे गावात त्याची भातगिरण होती. खोऱ्यातलं भात तिथे यायचं आणि तांदूळ होऊन परत जायचं. मामा दाराशी वजनकाट्यावर उभा, आणि मामी आत, टरफल काढणाऱ्या हलरच्या तोंडाशी पाट्या ओतत. दोघांच्या मध्ये एक पत्रा. हंगामात तो खडखडाट दिवसभर चालायचा, आणि पोत्यांवर बसलेली माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलायची. मग खाचरं एकेक करून फार्महाऊसवाल्यांकडे गेली, उरलेलं भात लोक मोठ्या गिरणीत नेऊ लागले, आणि एका वर्षी मामाने मोटरचा खटका पाडला तो कायमचा. गिरणी गप्प झाल्यावर लक्षात आलं, की मामीसाठी बरंच काही गप्प झालं आहे.

मामी शाळेत गेली ती चौथीपर्यंत. पण रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या ती भाकरी थापता थापता अशी ऐकायची, की कोण मंत्री रुसला, कुठल्या धरणाचे दरवाजे उघडले, कोणत्या देशात कोण पडलं, हे सगळं ऊन अंगणात यायच्या आत वाडीला ठाऊक. बायका दारात थांबून विचारायच्या, ‘काय म्हणतीया दिल्ली?’ आणि मामी पिठाचे हात तसेच ठेवून सांगायची. माझ्या वडिलांनी कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटण्यात आयुष्य काढलं, आणि मी अक्षरं शिकले तीही त्या पत्रकांवरच. तरी मी शपथेवर सांगते, आम्हा बापलेकींचे सगळे गठ्ठे एकत्र केले तरी जनजागृतीत मामीच्या उंबऱ्याची सर त्यांना आली नसती. ती मामी हळूहळू उंबऱ्यावरून आत सरकली. बायकांनी विचारलं की म्हणायची, ‘आज न्हाई लावला रेडिओ.’ लावलेला असायचा. मग बायकांनी विचारणं सोडलं. मामीला पुन्हा बातम्या ऐकवायच्याच, हा तेव्हापासून मामाच्या आयुष्याचा एककलमी कार्यक्रम झाला, आणि त्यावरचा उपायही ठरलेला होता: रेडिओची मोटर कमी पडतीय.

पुढची काही वर्षं मामा भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत असे, ‘घराला वॅट किती लागत्यात?’ वायरमनला विचारून झालं, कंडक्टरला विचारून झालं, जमीन बघायला आलेल्या एजंटालाही विचारून झालं. तो बिचारा मोजणीच्या तयारीने आला होता, वॅटच्या नव्हे. पौडच्या बाजारातून मामाने रेडिओचा आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा पहिला संच आणला. त्याच्या खोक्यावर पाच हजार वॅट असं छापलेलं होतं.

इथे मला थोडं रागावू द्या. जेवणाच्या डब्याएवढ्या खोक्यावर पाच हजार वॅट छापणारी ही मंडळी दिवसाढवळ्या लोकांच्या खिशात हात घालत असतात. हे वॅट डोळ्याचं पातं लवण्याच्याही एका तुकड्यात, तेही छापणाऱ्याच्या कल्पनेत निघतात. बाकी सगळा वेळ तो डबा चार-दोन वॅटवर कण्हत असतो. यावर मी ‘कागदी वॅटची लूट’ नावाचं पत्रक काढलं होतं. मामाला पत्रकाची गरज पडली नाही. त्याने घरी येताच खोकं उघडलं, आतला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सगळी ताकद ज्याच्यातून येते तो लोखंडाचा ठोकळा, बाहेर काढला आणि गिरणीच्या काट्यावर ठेवला.

‘सुपारीएवढा हाय,’ त्याने निकाल दिला. ‘ज्याला वजन न्हाई त्याला ताकद कुटली?’

तेव्हापासून मामा ॲम्प्लिफायर वजनावर घेतो. दुकानदार बटणं दाखवत असतो, निळे दिवे लावून दाखवत असतो, आणि मामा ते मशीन कडेवर घेऊन दुकानात दोन फेऱ्या मारतो. हात भरून आला तर सौदा, नाही तर चहा न पिता बाहेर. आणि मला कबूल केलं पाहिजे, की या पद्धतीने तो फारसा फसला नाही. शेवटचं मशीन येईपर्यंत तरी नाही.

घरातला सोपा म्हणजे पुढची खोली. ती त्याने गिरणीसारखीच मांडली. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मधल्या टेबलावर मशीन, मशीनला वायरीने जोडलेला मामीचा जुना रेडिओ, आणि भिंतीवर गिरणीतून उचकटून आणलेला लोखंडी खटका. खटक्याला हात घालण्याआधी मामा आरोळी देतो, ‘पदर सांभाळ, चालू करतुया.’ गिरणीत मोटरच्या पट्ट्यात पदर अडकू नये म्हणून हे ओरडावंच लागायचं. ॲम्प्लिफायरला पट्टा नसतो, हे मी त्याला एकदा समजावून पाहिलं. ‘सवय चांगली हाय, ऱ्हाऊ दे,’ म्हणाला. मशीन चालू झालं की तो स्टूल ओढून शेजारी बसतो आणि तळहात त्याच्या पाठीवर ठेवतो, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मधूनच वाकून वासही घेतो. गाणं चांगलं चाललं आहे की वाईट, हे त्याला विचाराल तर तो म्हणेल, ‘गार हाय.’ याहून मोठी दाद मी त्याच्या तोंडून ऐकलेली नाही.

माझ्या लेखनाचाही त्याने उपयोग करून घेतला. दर शनिवारी फार्महाऊसवर येऊन खोऱ्याला जागं ठेवणाऱ्या मंडळींविरुद्ध मी ‘खोऱ्याला झोपू द्या’ हे पत्रक लिहिलं आणि वाटण्यासाठी एक गठ्ठा मामाकडे ठेवला. पुढच्या खेपेला बघते तर गठ्ठा जसाच्या तसा कोपऱ्यातल्या स्पीकरखाली. मी चिडले. मामा शांतपणे म्हणाला, ‘फरशीवर थरथरत हुता गं. तुझ्या कागदानं गप झाला बग.’ माझ्या लिहिण्यामुळे कुठला तरी आवाज कमी झाल्याचं हे आजवरचं एकमेव उदाहरण आहे.

मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू आहे. लातूरकडचा मुलगा, हिंजवडीला कामाला जातो. मामा त्याला इंजिनिअर म्हणतो आणि तो मामाला, गावातल्या सगळ्यांसारखाच, मामा म्हणतो. एका रविवारी मामाने त्याला ब्रश तोंडात असतानाच पकडलं.

‘इंजिनिअर, घराला वॅट किती लागत्यात?’

त्याने चूळ भरली. ‘खरं सांगू का मामा? नेहमीच्या ऐकण्याला एक.’

‘एक शेकडा?’

‘एक वॅट.’

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. ‘एक वॅटात देवापुढची माळ बी पेटत न्हाई रं.’

‘माळेचं वेगळं मामा. बघा, खोली लहान, तुम्ही स्पीकरपासून हाताच्या अंतरावर. आणि आवाज कानाला दुप्पट वाटावा तर वॅट दहापट लागतात. एकाचे दहा, दहाचे शंभर. कुठवर जाणार?’

‘मला गिरणी शिकिवतो का? मोटर चालताना कमी खाती, उठताना लई खाती. तबल्यावर थाप पडली म्हंजी मोटर उठली. त्या टायमाला मशीन बसलं की आवाज फाटतो. खरं का खोटं?’

‘खरंय,’ इंजिनिअर मनापासून म्हणाला. ‘त्यासाठी चाळीस-पन्नास वॅट शिल्लक ठेवावेतच. पण मामा, मामींना बातम्या ऐकायच्यात. बातम्यांत तबला कुठंय?’

मामाने बराच विचार केला. ‘दिल्लीत काय बी होऊ शकतं,’ म्हणाला आणि आत निघून गेला. आतून आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, ‘ह्येची बी मोटर कमीच पडतीय.’

दर नव्या मशीनच्या वेळी घरात एकच प्रसंग घडायचा. मामा खटका वर करायचा, मामीला विचारायचा, ‘येतंय का ऐकू?’ मामी मान डोलवायची, ‘येतंय की.’ पण दुसऱ्या दिवशी दारात बायका यायच्या, बोलायच्या, आणि मामी बातम्यांचं अवाक्षर काढायची नाही. मामा ते बघायचा आणि त्याहून जड मशीनच्या शोधाला लागायचा. असं करत करत गेल्या वर्षी त्याने ते शेवटचं आणलं. पिरंगुटच्या एका हळदी-वरातीत डीजे वाजवणाऱ्याने धंदा बंद केला होता, त्याचं. एका उघड्या टेंपोवर बसून अख्खी वरात नाचवणारं. दोघांनी धरून ते काट्यावर ठेवलं तेव्हा काटा कण्हला, आणि मामाच्या चेहऱ्यावर मला असं समाधान दिसलं जे त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही.

त्या रविवारी सकाळी मी तिथेच होते. मामाने आरोळी दिली, मामीने पदर खोचला, खटका वर गेला आणि बातम्या सुरू झाल्या. कौलांतली धूळ खाली आली. मांजर गेलं ते दुपारी परतलं. पलीकडच्या डोंगराने हवामानाचा अंदाज आमच्याकडे परत पाठवला, त्यामुळे पाऊस दोनदा पडणार असं वाटलं. तेवढ्यात फार्महाऊसच्या कुंपणापाशी अर्ध्या चड्ड्यांतली पुण्याची मंडळी गोळा झाली. पहाटेपर्यंत नाचून नुकतीच आडवी झाली असावीत. त्यातला एक हात जोडून म्हणाला, ‘काका, प्लीज थोडा व्हॉल्यूम कमी करा ना. संडे आहे आज.’ माझ्या तत्त्वाप्रमाणे मी तत्काळ मामाला विरोध करायला हवा होता. मी बातम्या संपेपर्यंत थांबले.

मामा मात्र कुणाकडेच बघत नव्हता. तो मामीकडे बघत होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, छातीवर हात ठेवून.

‘येतंय?’

‘आवाज येतोय,’ मामी म्हणाली. ‘हितं छातीत येतोय. पण ती बाई काय म्हणतीया ते समजंना.’

‘आदीच्या मशीनला येत हुतं म्हणलीस की.’

‘न्हवतं येत.’

‘त्याच्या आदीच्या?’

‘तवा बी न्हाई,’ मामी म्हणाली आणि आत गेली.

मामाने खटका पाडला. कुंपणापलीकडून कुणीतरी ‘थँक्यू काका’ म्हणालं, ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मागच्या खोलीतून आलेला इंजिनिअर हलक्या आवाजात मला म्हणाला, ‘हलरच्या आवाजाने त्यांचे बारीक आवाज गेलेत. स, त, क, असे. शब्द त्यानेच तर ओळखू येतात. वॅट वाढवले की जाडा आवाज आणखी जाडा होतो, बस.’

मी स्वयंपाकघरात गेले. मामी परातीत पीठ घेऊन बसली होती, मळत नव्हती. ‘मग इतके दिवस कानाच्या डॉक्टरकडे का नाही गेलीस?’ मी तिच्या समोर बसून विचारलं.

‘कशी जाणार? ह्यांनी मशीनीमागं मशीन आणलं. मी कानाला मशीन लावून आले असते तर ह्यांचं समदं फुकाट गेलं म्हणल्यावानी झालं असतं.’

मग मी बाहेर ओटीवर गेले. मामाला विचारलं, तिला पिरंगुटला कानाच्या दवाखान्यात का नेलं नाही. ‘ती म्हणली जायचं न्हाई. मंग म्हणलं, घरातच सोय करू.’ मग त्याने अंगणातल्या बंद गिरणीच्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. ‘हलरपाशी तिला उबं कुणी केलं? म्याच की.’ हे तो खरोखर हळू म्हणाला. मामाला हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मला भाषण करायला फार काही लागत नाही. ते मी केलं. एकमेकांची मनं जपण्याच्या नावाखाली या घरात एका बाईचं ऐकणं हिरावून घेतलं गेलं आहे आणि ते मी सहन करणार नाही, असा त्याचा मथळा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसमध्ये होतो. घाटात बसने धापा टाकल्या, आणि मामाने मोटरचं नाव काढलं नाही.

पिरंगुटच्या त्या दवाखान्यात कान तपासणारी एक तरुण बाई होती. तिने मामीला काचेच्या खोलीत बसवलं, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या, आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावून एक कानाचं मशीन हातावर ठेवलं. चिंचोक्याएवढं. मामाने ते बोटांत धरून फिरवलं.

‘किती वॅटचं?’

‘बाबा, याला वॅट नसतात हो. एका वॅटचे हजार तुकडे करा, त्यातला एखाददुसरा याला पुरतो. यांचे जे आवाज गेलेत तेवढेच हे उचलून देतं. बाकीचे असू देत तसे.’

‘हजार तुकडे,’ मामा म्हणाला. मग त्याने ते तळहातावर ठेवून मूठ मिटली, आणि बऱ्याच वेळाने उघडली. ‘गरम बी होत न्हाई.’

घरी आल्यावर त्याने मामीकडून ते मागून घेतलं आणि गिरणीच्या काट्यावर ठेवलं. काट्याने त्याची दखलच घेतली नाही. मामाने पारडं बोटाने हलवून काटा बिघडला नाही ना ते पाहिलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. त्याच्या सगळ्या शास्त्राला बसलेला तो पहिला धक्का. त्याने मशीन पुसून मामीला परत दिलं.

सकाळी मात्र तो माझ्या आधी उठून सोप्यात हजर होता. ‘पदर सांभाळ,’ अशी आरोळी झाली. आवाजाचं बटण सवयीने जिथे असायचं तिथेच होतं. खटका वर गेला आणि मामीने दोन्ही हात कानांवर नेले.

‘अवो, कमी करा.’

मामाने कमी केला.

‘अजून.’

त्याने अजून कमी केला.

‘अजून जरा. वरडायला काय झालंय तिला?’

शेवटी बटण इतकं खाली आलं की अंगणातल्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या. मामी भिंतीला टेकून उभी राहिली. वृत्तनिवेदिका धरणातल्या पाण्याबद्दल काही सांगत होती, आणि मामीचे ओठ तिच्या मागोमाग हलत होते. ‘ताट वाजवल्यागत आवाज हाय,’ ती म्हणाली, ‘पण सांगती ती समदं कळतंय.’ मग मामाकडे वळून, ‘आणि तुमी दिसभर एवढं पुटपुटता व्हय?’ इंजिनिअर ब्रश घेऊन दारात आला होता. त्याने कान देऊन अंदाज घेतला. ‘एक वॅटसुद्धा नसेल मामा आत्ता,’ म्हणाला. मामा भांडला नाही.

आता बायका पुन्हा दारात थांबतात. पिठाचे हात, दिल्ली, धरण, सगळं जागेवर आलं आहे. मामी पूर्वीसारखं सगळंच ऐकते असं नाही. गर्दीत गोंधळते, लग्नाच्या मांडवात मशीन काढून कनवटीला खोचते. पण सकाळच्या बातम्या तिच्या आहेत. आणि ते वरातीचं मशीन अजून सोप्यात आहे, खटका वर झाला की पुटपुटतं, आणि मामा स्टुलावर बसून त्याच्या पाठीवर हात ठेवतो.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा मी त्याच्या मागच्या बाजूला, दाराशी बसले होते. बातम्या संपत आल्या होत्या. मामा सावकाश मान डोलवत होता, जाणत्या माणसासारखी. मी विचारलं, ‘मामा, एसटीच्या संपाचं काय म्हणाल्या बातम्यांत?’ तो मान डोलवत राहिला. मी पुन्हा विचारलं. मग उठून समोर गेले आणि तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे बघून हसत सांगितलं, ‘समदं बरं हाय की.’

गिरणीत त्या दोघांच्या मध्ये फक्त एक पत्रा होता. इतकी वर्षं आम्ही मामीच्याच कानांचं बोलत आलो.

मी तोंड उघडलं. भाषण तयार होतं, बसची वेळही मला पाठ होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मामीने पिठाचा हात वर करून मला थांबवलं. भाकरीचं ताट घेऊन ती बाहेर आली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, ‘नीऊ की त्यांना बी पिरंगुटला. जरा दमानं घे. आत्ताशी कुटं त्यांचं मशीन नीट चाललंय.’

मग ती मामाच्या समोर, त्याला तिचं तोंड दिसेल अशी बसली, आणि पहिल्या बातमीपासून एकेक करून, मोठ्याने, सावकाश त्याला सांगू लागली. संप मिटला नव्हता. पूल अर्धाच झाला होता. कुठल्याशा मंत्र्याने राजीनामा देऊन परत घेतला होता.

‘मोटर कमी पडतीय,’ मामा म्हणाला आणि भाकरी मोडली. दुसरा हात त्याने मशीनच्या पाठीवरून काढला नाही. पाठ अगदी गार होती.